सहाव्या जागी व्हॅलिन

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होणार की नाही, हा प्रश्न त्या हिवाळ्यात एका प्रथिनापाशी येऊन थांबला. त्याचं नाव हिमोग्लोबिन. फुप्फुसातून प्राणवायू उचलून शरीरभर पोचवायचा, एवढंच त्याचं काम. ते प्रत्येकाच्या रक्तात असतं. आमच्या घरात त्याचा विषय काढत नसत.

आम्ही रायपूरचे. आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले. बाबाही रेल्वेच्या वर्कशॉपमधूनच निवृत्त झाले. घरात आता तिघं: बाबा, मी आणि बहीण. आई काही वर्षांपूर्वी गेली. भाऊ तिच्याही आधी गेला. तो माझ्याहून लहान आणि बहिणीहून मोठा होता, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर काम करते. मी लग्न केलेलं नाही; त्याचा या मजकुराशी संबंध नाही. बहीण पंडरीच्या बाजारात एका ठोक कापडवाल्याच्या ऑफिसात आहे. तिला मराठी समजतं, पण ती बोलते हिंदी. बाबा तिच्याशी आपल्या वऱ्हाडीत बोलतात, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नाही.

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले. त्यांच्याबरोबर पत्रिका, मुहूर्त, गुण, नाड हेही गेलं. बाबांना याचा अभिमान आहे. आमच्यात लग्नं जुळवण्यासाठी दरवर्षी परिचय मेळावा होतो. मुलगे-मुली मंचावर येऊन माइकवर शिक्षण, नोकरी, उंची आणि अपेक्षा सांगतात. खाली बसलेले आईबाप पुस्तिकेत पेनानं खुणा करतात. जन्मवेळ कोणी विचारत नाही. बाबा मेळाव्याच्या समितीवर आहेत.

त्या वर्षी समितीची बैठक आमच्याच घरी होती. चहा मी देत होते, म्हणून बोलणं माझ्या कानावर आहे. खजिनदारांनी सुचवलं की पुस्तिकेत सिकलिंगचा एक रकाना घालावा आणि हॉलच्या दाराशी रक्ततपासणीचं टेबल लावावं. सिकलसेलला इकडे सिकलिंग म्हणतात. छत्तीसगडात आणि विदर्भात हा आजार अनेक समाजांत आहे. आमच्यातही आहे.

“म्हणजे पुन्हा पत्रिका,” बाबा म्हणाले.

“पत्रिका कायची, दादा? रक्ताची तपासणी हाय.”

“आज रक्त जुळवसान. उद्या म्हणसान, नाडी जुळवा.”

“नाडी तर डॉक्टरही पाहते.”

दोघेतिघे हसले. बाबा हसले नाहीत.

“आपल्या बापाईनं हे सगळं घराबाहेर फेकलं. तुम्ही मांगच्या दारानं आत आणून राहिले. ज्या पोट्टीच्या नावापुढे तुम्ही ‘हाय’ लिहिसान, तिले कोण पाहीन? मले सांगा ना.”

रकाना रद्द झाला. टेबल लावायचं ठरलं, पण दाराशी नाही. जेवणाच्या बाजूला, कोपऱ्यात. ज्याला वाटेल त्यानं जावं.

बाबांचा मुद्दा खोटा नव्हता. वाहक निघालेल्या मुलींना नकार येतात, तितके मुलांना येत नाहीत. अशा बातम्या मी स्वतः पानावर लावल्या आहेत. पण त्या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला माझा भाऊ माहीत होता, आणि त्याचा उल्लेख कोणी केला नाही.

भावाचं दुखणं लहानपणी सुरू झालं. आधी बोटं सुजली, मग गुडघे, मग कंबर. थंडीत जास्त. घरात त्याला वात म्हणायचे. आई जवसाच्या तेलात ओवा तापवून त्याचे पाय चोळायची आणि विटकर गरम करून फडक्यात गुंडाळून शेकायची. त्याचे डोळे पिवळे दिसायचे. डाव्या बरगडीखाली पाणथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागायची. दवाखान्यात आजाराचं नाव सांगितलं आणि घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावं असंही सांगितलं. बाबा म्हणाले, आमच्या घराण्यात असं काही नाही; क्वार्टरचं पाणी खराब आहे. आम्ही क्वार्टर बदललं.

रक्त वाढावं म्हणून आई त्याला बीट, पालक, गूळ, डाळिंब, मोड आलेली मटकी असं जे कोणी सांगेल ते द्यायची. नंतर मी कामासाठी या विषयावर वाचलं तेव्हा त्या ताटाचं पुढे काय होत होतं ते समजलं. भातातला स्टार्च सुटून ग्लुकोज होतो. तेलाचीही फोड होते आणि त्यातलं काही पेशींच्या आवरणात जातं. डाळीचं प्रथिन तुटून त्याची अमिनो आम्लं होतात. पालकाच्या प्रत्येक पेशीत पालकाचं डीएनए असतं. पोटात तेही तुटतं आणि त्यात लिहिलेलं कोणी वाचत नाही. शरीर बाहेरून फक्त सुटा माल घेतं. बांधकाम आपल्याच सूचनेप्रमाणे करतं. भावाचं शरीर आईनं दिलेल्या चांगल्या डाळीपासून, सूचनेबरहुकूम, तेच हिमोग्लोबिन बांधत होतं.

सूचनेत फरक एवढाच होता की एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येत होतं. साखळी एकशे सेहेचाळीस अमिनो आम्लांची असते. बाकीच्या सगळ्या जागा बरोबर होत्या. ग्लुटामिक आम्लाला पाणी चालतं. व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरतं. हिमोग्लोबिननं प्राणवायू सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं, तो रेणू पुढच्याला धरतो, आणि पेशीच्या आत कडक दोऱ्या तयार होतात. पेशी विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिनीत अडकते. तिथे दुखतं.

आमचे वार्ताहर याला छपाईच्या चुकीची उपमा देत. मी ती कापत असे. छापलेल्या चुकीचा खुलासा दुसऱ्या दिवशी देता येतो.

मेळाव्यात बहीण मंचावर गेली, साडेतीन वाक्यं बोलली आणि खाली आली. तिच्यानंतर थोड्या वेळानं एक मुलगा आला. शंकर नगरातल्या एका सरकारी ऑफिसात नोकरी, घर पुरानी बस्तीच्या पलीकडे. अपेक्षा सांगताना तो म्हणाला, “मुलगी हसती असावी.” एवढं मराठी त्यानं पाठ करून आणलं होतं.

“ये तो टूथपेस्ट का विज्ञापन है,” बहीण म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा होता. पुढच्या दोन रांगांत ऐकू गेलं. मुलालाही गेलं.

जेवणाच्या रांगेत तो तिच्या मागे येऊन उभा राहिला. “कौन सा लगाती हैं आप?” त्यानं विचारलं. ती हसली. तपासणीचं टेबल तिथेच कोपऱ्यात होतं. टेबलापाशी कोणी नव्हतं. टेक्निशियन वरण-भात खात होता.

पुढचे काही रविवार दोघं भेटले. बाबांनी हरकत घेतली नाही. मग त्याच्या घरचे आमच्याकडे आले, म्हणजे तो आणि त्याची आई; वडील नाहीत. पोहे झाले, पसंती झाली, हॉल कुठला घ्यायचा याची चर्चा झाली. त्याची आई बशा उचलून माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि तिनं नळ सोडला.

“बाई, एक बोलू का? राग नोको मानू.”

“बोला ना.”

“माह्या पोराचं रक्त पाह्यलं हाय. कॉलेजात कॅम्प झाला तवा. तो वाहक हाय. त्याले काही होत नाही, दुखत नाही, खुपत नाही. पण तुह्या बहिणीचं पाहून घे वं.” ती बशी धूत होती. “तुमच्या घरचं मले माहीत हाय. तुह्या बाबाले मी हे सांगू शकत नाही.”

मी तिला सांगितलं की पाहून घेते. तिनं नळ बंद केला आणि बाहेर जाऊन हॉलच्या चर्चेत बसली.

माझं स्वतःचं रक्त पूर्वी ऑफिसच्या शिबिरात तपासलं होतं. ते साधं निघालं होतं. बहिणीचं कधीच पाहिलेलं नव्हतं. मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, सकाळी उपाशी जावं लागतं का. मी म्हटलं, नाही.

लॅब शंकर नगरात होती. टेक्निशियन मुलीनं बोटातून थेंब घेतला आणि काचेच्या नळीतल्या द्रावणात टाकला. आम्हाला बसायला सांगितलं. नंतर तिनं नळी एका पांढऱ्या कार्डासमोर धरली. कार्डावर काळ्या आडव्या रेषा छापलेल्या होत्या. रक्त साधं असेल तर द्रावण स्वच्छ राहतं आणि रेषा आरपार दिसतात. व्हॅलिनवालं हिमोग्लोबिन असेल तर ते गढूळ होतं.

“पीछे की लाइनें दिख रही हैं, दीदी?” तिनं बहिणीला विचारलं.

बहिणीनं मान तिरपी करून पाहिलं, मग सरळ करून पाहिलं.

“नहीं.”

“हव. तो आगे की जाँच भेजते हैं.”

पुढच्या तपासणीत रक्तातलं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात सरकवतात. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर नसतो, त्यामुळे बदललेलं हिमोग्लोबिन मागे रेंगाळतं आणि त्याचा वेगळा पट्टा दिसतो. बहिणीचे दोन पट्टे आले, एक साधा, एक मागे राहिलेला. म्हणजे ती आजारी नव्हती, वाहक होती. मुलगाही वाहक होता. 

बाबांना मी दुपारी सांगितलं. ते अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते.

“वाहक म्हणजे?”

“सूचनेच्या दोन प्रती असतात. तिची एक साधी आहे, एक बदललेली. साधीवर काम चालतं.”

“मंग तिले काही नाही.”

“तिला नाही. त्यालाही नाही. मुलाला दोघांकडून बदललेलीच आली तर मग आहे.”

“किती वेळा येते अशी?”

“प्रत्येक वेळी चारात एक. मागच्या मुलाचा हिशेब पुढच्याला लागत नाही.”

“चारात तीन चांगले ना मंग.”

“आपल्याकडे तिघं होतो,” मी म्हटलं.

त्यांनी आणखी एक शेंग सोलली.

“पोट्टीत कोठून आली?”

“आईकडून नाहीतर तुमच्याकडून. तिला एकच आली.”

“तुह्या मायच्या माहेरी होतं. तिचा एक मामा असाच गेला.”

“असेल. पण त्याला दोन आल्या होत्या, बाबा. दोन्ही एकाकडून येत नाहीत.”

‘त्याला’ म्हणजे कोणाला, हे त्यांनी विचारलं नाही. पुढच्या शेंगेचे दाणे त्यांनी सालांच्या ढिगात टाकले आणि साल वाटीत ठेवली. मग त्याच्या पुढच्याही. मी दाणे वेचून वाटीत घातले. त्यांनी हात पुसले आणि ते आत जाऊन आडवे झाले.

मुलाला बहिणीनं स्वतः सांगितलं. त्यानंही बरंच वाचून ठेवलं होतं. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या आसपास गर्भाची तपासणी करता येते. दोन्ही प्रती बदललेल्या निघाल्या तर पुढे जायचं की नाही हे आईबाप ठरवू शकतात. अशी तपासणी करून संसार करणारी जोडपी आहेत आणि त्यांची मुलं शाळेत जातात. हे सगळं खरं आहे. बहिणीनं हे मला गच्चीवर सांगितलं, वाळलेले कपडे काढताना.

“वो बोल रहा है, रायपुर में नहीं होगा तो बाहर चले जाएँगे. छुट्टी ले लेगा.”

“करतात लोक,” मी म्हटलं.

“मालूम है.” तिनं बाबांचा सदरा झटकला. “भैया के पैर शाम को मैं दबाती थी. मम्मी खाना बनाती थी, तुम ऑफिस में रहती थी. उसका दर्द कब बढ़ेगा, मुझे पहले समझ में आता था. वो बात करना बंद कर देता था.” तिनं सदऱ्याची घडी घातली. “तीन महीने मैं वैसे ही बैठूँगी. हर बार. कोई और कर लेगी, दीदी. मुझसे नहीं होगा.”

“त्याला तू आवडतेस.”

“मुझे भी वो.”

तिनं चिमटे डब्यात टाकले. कपडे घेऊन आम्ही खाली आलो.

समितीचा एक नियम आहे. होकार फोनवर चालतो. पसंतीनंतरचा नकार मात्र वडिलांनी समोरच्या घरी जाऊन द्यायचा आणि कारण सांगायचं, म्हणजे मागे कोणाबद्दल वावड्या उठत नाहीत. हा नियम बाबांनीच घालून दिला होता. कारणं ठरलेली असतात: मुलीला पुढे शिकायचं आहे, बदली होणार आहे, घर लांब पडतं. सगळ्यांना माहीत असतं की ही कारणं नाहीत, आणि सगळे मान डोलावतात.

त्या रविवारी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. मी स्कूटी बाहेर काढली. बहीण दारात उभी होती.

“बाबा, जो है वही बोलना. नौकरी-वौकरी मत बोलना.”

“हव.”

“नहीं तो वो समझेगा, मुझे पसंद नहीं था.”

“हव म्हटलं ना.”

मुलाच्या घरी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. ते आम्ही कशासाठी आलो हे ओळखून होते. बहिणीनं त्याला आदल्या दिवशी फोन केला होता. तरी नियम म्हणून सगळे बसले. बाबा थंडीबद्दल बोलले. मग पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याबद्दल, मग थंबमशीनवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटत नाही त्याबद्दल. मुलाची आई हं हं म्हणत होती. मुलगा समोर खुर्चीच्या टोकावर बसला होता.

“तर मी काय म्हणून राहिलो होतो,” बाबा म्हणाले, “पोट्टीचं ऑफिस पंडरीत. तुमचं घर इकडे. तिले जाणं-येणं लय लांब पडते.”

मी जमिनीकडे पाहिलं.

“अंकल, स्कूटी है उसके पास,” मुलगा म्हणाला. टोमणा नव्हता. त्यानं माहिती दिल्यासारखं सांगितलं.

बाहेर गल्लीत भाजीवाल्याच्या गाडीवरचं रेकॉर्डिंग चालू होतं, गोभी, टमाटर, मुनगा, गोभी, टमाटर, मुनगा. गाडी पुढे जाईपर्यंत बाबा थांबले.

“माहा पोरगा सिकलिंगनं गेला,” ते म्हणाले. “त्याले ते माह्या आणि त्याच्या मायच्या रक्तातून आलं. पोट्टीतही हाय. तुमच्यातही हाय. म्हणून आम्ही नाही म्हणून राहिलो. पोरात काही खोट नाही.”

बाबांची तपासणी कधीच झालेली नव्हती. आता गरजही नव्हती.

“मले माहीत होतं, दादा,” मुलाची आई म्हणाली.

“सगळ्याइले माहीत होतं. मी सांगतलं नव्हतं.”

ती उठून चहा ठेवायला गेली. नकाराच्या घरी चहा घेत नाहीत. बाबांनी घेतला. बशीत ओतून, नेहमीसारखा. मुलगा आमच्याबरोबर फाटकापर्यंत आला. त्यानं माझ्या स्कूटीचं स्टँड काढून दिलं. 

घरी आलो तेव्हा बहीण ओट्याशी भेंडी चिरत होती. पाठ आमच्याकडे होती.

“बोल दिया?”

“हव,” बाबा म्हणाले.

“क्या बोला? जैसा बोला वैसा बताओ.”

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. एका हातानं त्यांनी चौकट धरली होती. त्यांनी सांगितलं. माहा पोरगा सिकलिंगनं गेला, इथून सुरुवात करून पोरात काही खोट नाही, इथपर्यंत. शब्द तेच होते, क्रमही तोच. घर लांब पडण्याचं वाक्य त्यांनी वगळलं. मी ते भरलं नाही.

तिची सुरी मधे थांबली होती. मग पुन्हा चालू झाली.

“ठीक,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “बाबा, बैठ जाओ. खड़े मत रहो.”

ते बसले. तिनं भेंडी कढईत टाकली आणि सोमवारच्या डब्यासाठी कणीक काढली.